सेकंदाला पन्नास बक्षिसं

आमच्या प्रयोगशाळेतले भाऊ एखादं वाक्य गुरुवारी सुरू करून सोमवारी संपवू शकत. थट्टा नाही. एका गुरुवारी ते मला म्हणाले, "मॅडम, त्या ब्युरेटच्या तोटीले मी..." आणि तेवढ्यात घंटा झाली. मग त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं, शुक्रवारी त्यांची रजा होती, शनिवार-रविवार सुट्टीत गेले. सोमवारी मी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं तर ते म्हणाले, "व्हॅसलीन लावून ठेवलं." पुढे काही नाही. मी नवीन होते, त्यामुळे हे व्हॅसलीन कशाचं, हे जुळवायला मला मधली सुट्टी होईपर्यंत वेळ लागला.

मी चंद्रपूरहून सिंदेवाहीच्या या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला आले तेव्हा भाऊंच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. पद प्रयोगशाळा परिचराचं. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी रंगवायचा ब्रश लावलेला असे, यंत्रांवरची धूळ झटकायला. कुणी हाक मारली की हातातली वस्तू ते आहे तिथेच ठेवत, तिच्याभोवती खडूने गोल काढत आणि मग जात. प्रयोगशाळेची टेबलं या गोलांनी भरलेली असत. डबा खाताना हाक आली तर अर्ध्या पोळीभोवतीही गोल निघे. सुरुवातीला मी ओल्या फडक्याने ते गोल पुसून टाकत असे. ते नुसते परत काढत. शेवटी मीच कंटाळले.

दिवाळी झाली की भाऊंचे रजेचे अर्ज सुरू होत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हटली की नाटक आलंच. भाऊ वडशाच्या एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवत. मंचासमोरच्या खड्ड्यात बसून, पायांनी भाता मारत, डावा हात खालच्या सुरांवर आणि उजवा वरच्या, डोळे मंचावर, अशी त्यांनी तीस वर्षं काढली. गावच्या विहारात वंदनेच्या वेळीही तेच पेटी धरत. पण जीव नाटकात.

या नाटकांत एक रीत आहे. एखाद्याचं काम फार रंगलं की प्रेक्षकांतून कुणीतरी उठतं आणि बक्षीस देतं. नाटक थांबतं. माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात, 'मंडळी आभारी आहे' असं म्हणतात आणि नाटक पुढे सुरू होतं. नटी मरत असली तरी तिने उठायचं, बक्षीस घ्यायचं, नमस्कार करायचा आणि परत येऊन मरायचं. मला लहानपणापासून यात कधी काही वावगं वाटलं नाही. बाहेरून आलेले पाहुणे हसतात, आम्ही त्यांना हसू देतो.

भाऊ म्हणत, "परत येऊन मरनं सोपं नाई मॅडम. उठाच्या आधी ध्यानात ठेवा लागते, हात कुठी होता. आल्यावर तिथीच ठेवाचा. हात दुसरीकडे पडला का लोक हासते."

हे सगळं सांगायचं कारण शाळेचा जुना कॉम्प्युटर. ऐंशीच्या दशकात कुठल्याशा योजनेतून तो आला होता. मुळात घरगुती वापराचा. त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक गोरं कुटुंब सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघत हसत होतं. सगळं यंत्र कीबोर्डच्या पोटातच होतं. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून आत भरायचा. त्याला सहा-सात मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ टेपमधून किरकिर ऐकू येई. ज्या सरांनी त्याचं प्रशिक्षण घेतलं होतं ते नोकरी सोडून गेले. कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरात गेला, म्हणजे कपाटात गेला, म्हणजे भाऊंच्या ताब्यात गेला. मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ते पुस्तक वाचून काढलं. किती वर्षं लागली हे त्यांनाच सांगता आलं नाही.

त्या पुस्तकात त्यांना एक गोष्ट सापडली. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा नव्याने रंगवावं लागतं, आणि दर वेळी यंत्राला आतून एक हाक येते. हातातलं काम सोडून ते तिकडे जातं, हाकेचं काम करतं आणि परत येतं. पुस्तकात याला इंटरप्ट म्हटलं होतं. भाऊंनी ताडलं की या जाण्यायेण्यात एखादा सूर लावून यायला सवड आहे. दर हाकेला बघायचं, पुढच्या सुराची वेळ झाली का. झाली असली तर तो लावायचा आणि परत फिरायचं. मूळ काम बिनबोभाट चालू राहतं आणि मागे धून वाजत राहते.

इंटरप्ट हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. त्यांच्या वह्यांत, म्हणजे मुलांच्या जुन्या जर्नलांच्या कोऱ्या पाठींवर, सगळीकडे 'बक्षीस' लिहिलेलं आहे. 'बक्षीस बंद.' 'बक्षीस चालू.' हाकेला जाण्याआधी यंत्राला आपल्याजवळचे आकडे बाजूला ठेवून जावं लागतं, तिथे लिहिलंय 'हात ठेवला'. परत आल्यावर ते उचलावे लागतात, तिथे 'हात घेतला'.

"सेकंदाले पन्नास बक्षिसं येते मॅडम," ते मला कौतुकाने सांगत, "एवढे कोन्या नटाले भेटले नाई."

एकदा मात्र हात ठेवायचा राहून गेला. मुलांनी दोलकाची मापं भरली की गुरुत्वत्वरणाचं उत्तर पडद्यावर यावं, असा प्रोग्राम त्यांनी मला करून दिला होता. मागे एक छान धून वाजे, त्यामुळे मुलं प्रयोगाला आपणहून थांबत. पण उत्तरं भलतीच येऊ लागली. धून बंद असली की उत्तर बरोबर, धून सुरू केली की सिंदेवाहीत वस्तू चंद्रावरच्यासारख्या तरंगत पडत. वर्ग खूश होता. मी भाऊंना म्हटलं की तुमच्या भैरवीने पृथ्वी हलकी केली. ते हसले नाहीत. चार दिवसांनी माझ्यासमोर एक कागद धरून उभे राहिले. त्यावर सत्तर-ऐंशी ओळी होत्या आणि एका ओळीखाली लाल रेघ. "परत येऊन मेलो मॅडम, पन हात दुसरीकडे पडला," ते म्हणाले. त्यांना खरोखर लाज वाटत होती. मी वर्गात केलेल्या विनोदाबद्दल मलाही वाटली.

निवृत्तीनंतरही ते रोज अकराला येत राहिले. त्यांना थांबवायचं कुणी, हा प्रश्न होता, आणि तो कुणी अंगावर घेतला नाही.

मग त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. मी भेटायला गेले तेव्हा ते पुढच्या खोलीत बाजेवर टेकून बसले होते, आणि समोर भिंतीशी त्यांचा स्वतःचा ऑर्गन होता, चादरीखाली. बोलणं जड झालं होतं. नेहमीप्रमाणे त्यांनी मधूनच सुरू केलं, जणू आदल्या दिवशीच आमचं बोलणं अर्धवट राहिलं होतं.

"बक्षीस आलं मॅडम. उठून गेलो. परत आलो त हात ठेवला होता तिथी नाई."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी काहीतरी उपयुक्त बोलते, ही माझी खोड आहे. मी व्यायामाबद्दल बोलले, दुधाबद्दल बोलले, चंद्रपूरच्या एका डॉक्टरांबद्दल बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

चार-पाच महिन्यांनी ते काठी टेकत प्रयोगशाळेत आले आणि कपाटाची किल्ली मागितली. डावा पाय ओढत चालत होते, बोलणं बरंच सुधारलं होतं, डावा हात मात्र खिशात ठेवल्यासारखा शरीराला चिकटून होता. आल्याआल्या त्यांनी मला काय करायचंय ते सांगितलं. यंत्रात एका वेळी तीन सूर वाजू शकतात. त्यांतले खालचे दोन ते बक्षिसावर टाकणार होते, म्हणजे त्यांचा डावा हात मागच्या मागे यंत्र वाजवेल. वरचा एक सूर स्वतः उजव्या हाताने, कीबोर्डच्याच बटनांवर. मी म्हटलं, आता बाजारात असे कीबोर्ड मिळतात की एक बोट दाबलं तर डाव्या हाताचं सगळं आपोआप वाजतं, माझ्या भाच्याकडेच आहे.

"त्याच्यातला डावा हात कंपनीचा हाये," ते म्हणाले. "मले माहा पायजे."

आणि तो त्यांना कशासाठी हवा होता, हेही त्यांनी सांगितलं. मंडळीत एक बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, कायम आईच्या भूमिकेत. त्या मंचावर मरत तेव्हा तीस वर्षं भाऊंनीच वाजवलं होतं. येत्या हंगामानंतर आपण काम थांबवणार, असं बाईंनी सांगून टाकलं होतं. भाऊ घरी बसल्यापासून मंडळी पेनड्राइव्हवर संगीत लावत होती. भाऊंना त्या हंगामात एकदा, फक्त एकदा, खड्ड्यात बसून त्यांचं मरण वाजवायचं होतं.

अडचण होती ती बाईंच्या थांबण्याची. मरताना आई मुलाला म्हणते, "दार लावू नको, बाबू." बाई 'दार' म्हणून थांबत. किती थांबतील याला हिशेब नव्हता. पुढे बसलेल्या बाया किती रडतायत ते बघून त्या ठरवत. ऑर्गनवर भाऊ तेवढा वेळ सूर धरून ठेवत. यंत्राला बाईंच्या मनातलं कसं कळणार? उजवा हात धुनेत गुंतलेला, डावा नाही. म्हणून भाऊंनी उजव्या पायासाठी एक पेडल केलं, मोडक्या शिलाई मशीनचं. त्याची वायर कॉम्प्युटरच्या मागे, खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, जोडायच्या जागी लावली. एकदा दाबलं की डावा हात थांबेल, परत दाबलं की थांबला तिथून सुरू होईल. प्रयोगशाळेत हे दहादा करून बघितलं. बाईंच्या जागी मी 'दार' म्हणून थांबत असे. माझं थांबणं त्यांना पसंत नव्हतं.

वडशाला दुपारी तालीम होती. मी त्यांना गाडीने घेऊन गेले. यंत्र, टीव्ही, टेपरेकॉर्डर, सगळं डिकीत. मंडळीतली तरुण मुलं जमा झाली आणि गंमत बघू लागली. दिग्दर्शकांनी भाऊंना आदराने खुर्ची दिली. सुरुवात उत्तम झाली. मग बाई कलंडल्या, त्यांचा हात वर उठला, भाऊंची नजर त्यांच्यावर खिळली, आणि त्यांचा पाय भाता मारू लागला.

तीस वर्षांची सवय. पेडल खाली, वर, खाली, वर. डावा हात थांबला, सुटला, थांबला, सुटला. धुनेला उचकी लागली. भाऊंना आधी कळेचना काय होतंय, त्यामुळे त्यांनी पाय आणखी जोरात मारला, ऑर्गनची हवा कमी पडली की मारतात तसा. मागची पोरं फिसकन हसली. भाऊंनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

दिग्दर्शक भले गृहस्थ. त्यांनी जवळ येऊन हळूच सांगितलं की भाऊ, आता आराम करा, पेनड्राइव्ह आहेच. बाई अजून मंचावर आडव्याच होत्या. आडव्या असतानाच त्या म्हणाल्या, "मले पेनड्राइव्हवर मरता येत नाई. थे थांबत नाई." मग उठून बसल्या आणि भाऊंना आठ दिवस द्या म्हणाल्या. दिग्दर्शकांनी दिले.

परतीच्या रस्त्यावर भाऊ बोलले नाहीत, अर्धं वाक्यसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय दुपट्ट्याने खुर्चीला बांधून वाजवून बघितलं. पाय बांधला तर उजवा हातच चालेना, प्रत्येक सूर उशिरा येई. पेडल डावीकडे सरकवलं, पण ओढत्या पायात तेवढा जोर नव्हता. मी चिडून म्हटलं की पायाला थोडी शिस्त लावा, एवढं काय अवघड आहे. पेडल दाबण्यात काय भौतिकशास्त्र आहे, असं माझं म्हणणं होतं. त्यांनी काठी उचलली आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी मी हजेरी घेत होते तेव्हा ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"...कारन पायाची चूक नाई, मॅडम," ते म्हणाले. अख्खा वर्ग ऐकत होता. "तीस वर्सं मी त्याले शिकवलं, तू थांबला का गानं मेलं. आन् आता त्याले सांगून राह्यलो, तू हालला का गानं थांबव. थो कायले आयकन? बिचारा बरोबर हाये. यंत्राले बदला लागते."

यंत्रच बदललं. पेडलच्या एका दाबाला आता यंत्रात पन्नास बक्षिसांपुरती आकड्यांची हवा भरत होती, म्हणजे सेकंदभर पुरेल एवढी. दर बक्षिसाला त्यातली थोडी खर्च होई. पाय चालत राहिला तर धून चालत राही. पाय थांबला की हवा संपे, शेवटचा सूर हळूहळू विझे, आणि डावा हात त्याच सुरावर वाट बघत बसे. परत भाता मारला की तिथून पुढे. वहीत या जागी त्यांनी एकच शब्द लिहिलाय, 'भाता'. वर्गातल्या मुलांसमोर मी त्यांची माफी मागितली नाही. प्रयोगशाळेत मागितली.

सिंदेवाहीजवळच्याच एका मंडईत ते वाजवायला बसले. मी पुढे बायांमध्ये जागा धरली होती. बाई कलंडल्या, हात वर उठला, त्या 'दार' म्हणाल्या आणि थांबल्या. भाऊंचा पाय थांबला. माझ्या शेजारणीने मांडीवरचं पोर उतरवून दुसऱ्या मांडीवर घेतलं, तेवढं ते थांबणं लांबलं. आणि नेमकं तेव्हाच माइकवर बक्षीस पुकारलं गेलं. बाईंसाठी नव्हतं. कुणीतरी ऑर्गनवाल्या भाऊंना दिलं होतं.

भाऊ गोंधळले. खड्ड्यातल्या माणसाला मरणाच्या प्रवेशात कुणी बक्षीस देत नाही. त्यांनी उजव्या हाताने काठी घेतली, पाय ओढत मंचाच्या कडेपर्यंत गेले, काठी काखेत धरून पाकीट घेतलं आणि एका हाताने नमस्कार केला. या सगळ्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ बाई वर हात तसाच उचललेला ठेवून पडून होत्या, जराही न हलता. तीस वर्षं भाऊ त्यांच्यासाठी थांबले होते. त्या दिवशी बाई थांबल्या.

भाऊ परत येऊन बसले. पायाने भाता मारला. डावा हात सोडला होता तिथून निघाला, उजवा त्यावर आला, आणि बाई म्हणाल्या, "लावू नको, बाबू." कुणी हसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. सकाळी चहा घेताना गेले, फार त्रास झाला नाही असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. विहारात वंदना झाली, तेव्हा पेटी दुसऱ्याच कुणीतरी धरली होती.

यंदा शाळेत डिजिटल वर्गखोली झाली आणि जुन्या सामानाचं निर्लेखन करायचं, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकायचं ठरलं. डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे आहे. नोंद करण्याआधी वस्तू तपासायची असते, म्हणून मी कपाट उघडलं. टीव्ही जोडला, कॅसेट लावली आणि सात मिनिटं किरकिर ऐकत बसले. मग पेडलवर पाय ठेवून दाबला.

त्यांचा डावा हात वाजू लागला. खालचे दोन सूर, सावकाश, बाईंच्या मरणाची धून. वरचा सूर कुठे नव्हता. तो उजव्या हाताचा होता, आणि उजवा हात त्यांच्याबरोबर गेला. मला गाण्यातलं काही कळत नाही. मी पाय मारत राहिले आणि डोळे पुसले.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी ऑफिसातून हाक मारली. मी पाय उचलला, सूर विझत गेला. टेबलावर खडू पडला होता. रजिस्टर उघडंच ठेवून मी त्याच्याभोवती गोल काढला आणि गेले. कुठल्याशा कागदांवर सह्या केल्या, यादीबद्दल काहीतरी बोलले, परत यायला पाऊण तास लागला.

परत आले आणि भाता मारला. हात ठेवला होता तिथेच होता.